मागच्या पानावरचे बाप

रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्लीत यज्ञेश्वर गुरुजींची बैठक आहे. एक सतरंजी, एक लोखंडी कपाट, खरखर करणारा पंखा आणि यजमानांच्या वंशावळींच्या एकतीस वह्या, एवढाच पसारा. पण त्या वह्यांत अर्धा जिल्हा राहतो. कोणी यजमान आला, गाव-आडनाव सांगितलं, की गुरुजी कपाटातून नेमकी वही काढतात, थुंकी न लावता पान उलटतात आणि समोरच्याला त्याच्या पणजोबांची सही दाखवतात. हातात दोन-दोन मोबाइल घेऊन आलेला माणूसही ती वाकडीतिकडी सही बघून गप्प होतो. गुरुजी ती शांतता थोडी मुरू देतात. मग पेन पुढे करतात. "आता तुमची नोंद करा. स्वतःच्या अक्षरात. तुमचं नाव, वडिलांचं, आजोबांचं."

त्या वह्यांत बापांना तोटा नाही. ओळीओळीला बाप. कोण कोणाचा बाप हे शंभर वर्षं मागे जाऊन सांगता येतं. पण त्या बापाला घरात हाक काय मारत, हे मात्र एकाही पूर्वजानं लिहून ठेवलेलं नाही. पस्तीसेक वर्षांपूर्वी गुरुजींना ही उणीव खटकली. तेव्हापासून सही झाली की ते पंख्याकडे बघत, सहज विचारल्यासारखं विचारतात, "वडिलांना काय म्हणायचात?" आणि यजमान पायरी उतरला की चालू वहीच्या मागच्या पानावर उत्तर टिपून ठेवतात.

पिंपळगाव बसवंतचे द्राक्षवाले धनराज वडिलांना 'शेठ' म्हणत, कारण गाळ्यावरचे सगळेच म्हणत. मालेगावकडचे दत्तू 'मास्तर' म्हणत. वडील शाळेत मास्तर, मुलगा त्यांच्याच वर्गात, आणि सवय घरापर्यंत आली. इगतपुरीच्या मल्हारीचे वडील रेल्वेत. रात्रपाळी करून ते दिवसा झोपत आणि आई पोरांना दटावे, "हळू बोला, ड्युटी झोपलीय." पोरं बापाला 'ड्युटी'च म्हणू लागली. शिवाय अण्णा, आप्पा, नाना, तात्या, भाऊ, दादा हे तर ढिगानं. एकंदर चारशे अकरा बाप गोळा झाले होते. त्यांत 'पिताजी' दोन निघाले आणि 'वडील' अशी हाक ऐकलेला एकही नाही.

एक नोंद मात्र गुरुजींनी फार आधी केली होती, आणि ते पान ते शक्यतो उघडत नसत.

गोष्ट अशी की गुरुजींना स्वतःला जन्मात कोणी 'बाबा' म्हटलेलं नाही. मुलगा आहे, यशोधन. चांगला चौतीस वर्षांचा, अंबडच्या एका कारखान्यात मॅनेजर. पण तो त्यांना 'काका' म्हणतो. पूर्वी सगळं घर एकत्र होतं. थोरले त्र्यंबकदादा घराचे कर्ते. त्यांची तीन मुलं यशोधनच्या आधीची. ती दादांना 'बाबा' म्हणत आणि गुरुजींना 'काका'. यशोधनला वाचा फुटली तेव्हा त्यानं चालू बाजारभावानं माल उचलला: थोरले ते बाबा, आपले ते काका.

तेव्हा दुरुस्ती करता आली असती. पण थोरल्या भावासमोर स्वतःचं मूल मांडीवर घ्यायचं नाही, अशी त्या घरची रीत. मूल रडलं तरी बापानं पंचांगात बघत बसायचं. यशोधन 'बाबा, बाबा' करत दादांच्या मागे दुडदुडायचा आणि गुरुजी पंचांगात बघत बसायचे. त्या काळात त्यांना दोन वर्षांच्या तिथी पाठ झाल्या.

"मला तो 'काकू' म्हणाला का?" श्यामलाबाई आजही विचारतात. त्या तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. "नाही म्हणाला. का? दर उन्हाळ्यात माहेरी नेऊन महिनाभर 'आई, आई' घोटून घेतलं मी. तुम्ही काय केलंत? सोवळं सावरलंत."

याला उत्तर म्हणून गुरुजी सोवळं सावरत.

दादांना जाऊन आता सहा वर्षं झाली. भाऊबंद आपापल्या फ्लॅटात गेले, गुरुजी दिंडोरी रोडला आले. भांडी, देव, वह्या, सगळ्याची वाटणी झाली, पण 'बाबा' हे पद कोणी मागितलं नाही. ते तसंच रिकामं पडून राहिलं. सरकारी खात्यात एक जागा निघाली तर शंभर अर्ज येतात. इथं अर्जदार एकच होता आणि त्याला अर्ज करायची लाज वाटत होती.

मग गौतमी झाली. यशोधनची मुलगी. चौदा महिन्यांची झाली आणि तिच्या तोंडातून 'बा' बाहेर पडला.

गुरुजींनी विचार केला की हिला अजून काही ठाऊक नाही. बाप कोण, आजा कोण, हिच्या पाटीवर काहीच लिहिलेलं नाही. पहिला लिहील त्याचं अक्षर राहील.

सून मृण्मयी बँकेत, मुलगा कारखान्यात, श्यामलाबाई अकराला वाचनालयात. घरी गौतमी, तिला सांभाळणाऱ्या कमळाबाई आणि बैठकीवरून लवकर परतलेले गुरुजी. कमळाबाई पोळ्यांना लागल्या की गुरुजी नातीला समोर बसवत, स्वतःच्या छातीवर बोट ठेवत आणि हलक्या आवाजात म्हणत, "बा-बा."

"बा," गौतमी म्हणे.

"बा-बा."

गौतमी त्यांचा चष्मा ओढे.

असं महिनाभर चाललं. संध्याकाळी यशोधन यायचा, बूट काढायच्या आत मुलीला उचलायचा आणि तोही छातीवर बोट ठेवून सुरू करायचा, "गौतू, कोण आलं? बा-बा! म्हण, बा-बा!" गुरुजी कोपऱ्यातून बघत. एका जागेला दोन उमेदवार, आणि दुसरा आपलाच मुलगा. पण माघार घेतील तर ते गुरुजी कसले! दुसऱ्या दिवसापासून शिकवणी अर्ध्या तासानं वाढली.

श्यामलाबाईंना वास आलाच. एकदा जेवताना त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "पिता म्हणजे राखणारा. 'पा' धातू, राखणं. वडील म्हणजे नुसता मोठा, 'वड्ड' होता प्राकृतात. बाप तिथलाच, 'बप्प'. हे सगळे मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी केलेले शब्द. 'बाबा'बद्दल मात्र पंडितांचं भांडण आहे. कोणी म्हणतं फारसीतून आला, कोणी म्हणतं तुर्कीतून."

"आणि तू काय म्हणतेस?" गुरुजींनी सावधपणे विचारलं.

"मी म्हणते बाळाच्या ओठातून आला. ओठ मिटले, उघडले, हवा सुटली, झाला 'बा'. बाळाला काही म्हणायचंच नसतं. शेजारी उभा असलेला पुरुष उगाच हुरळतो, मला हाक मारली! एका फुंकरीवर मालकी सांगणारी जात तुमची. आमटी वाढू?"

मृण्मयीला ठसका लागला. गुरुजींनी आमटी घेतली.

कमळाबाईंनी तर त्यांना रंगेहाथच पकडलं. त्या पेठकडच्या, साठीच्या, बोलायला खमक्या. लाटणं हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"गुरुजी, किती दिस चाललंय हे?"

"काय? काही नाही. खेळतोय."

"खेळताय ते दिसतंय. पण पोर शिकवल्यानं नाय शिकत. ऐकल तेच बोलतं." त्या लाटणं टेकवून खाली बसल्या. "माझा घरवाला आमच्याच घरी राहायला आला लगीन करून. घरजावई. माझी आई म्हनं, पाव्हणं, पाणी घ्या. भाऊ म्हनं, पाव्हणं, बैल सोडा. पोरांनी ऐकलं आणि धरलं. आज नातवंडं झाली, तरी माझा थोरला बापाला हाक मारतो, पाव्हणं, जेवायला चला!"

गुरुजींचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. चारशे बारा.

"आणि त्यांना वाईट नाही वाटलं?"

"वाटलं असंल," कमळाबाई उठत म्हणाल्या. "पण जेवायला जातो ना."

निकाल लागला तो महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. अंबडच्या कारखान्यांना शनिवारी सुट्टी आणि त्या दिवशी बँकही बंद, त्यामुळे घर भरलेलं. यशोधन अलीकडे सुट्टीच्या दिवशी बैठकीवरच्या वह्या घरी आणून त्यांचे फोटो काढून संगणकात भरायचं काम करी. एकोणीस नंबरची वही पुढ्यात घेऊन तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. गौतमी सोफ्याला धरून उभी राहिली. तिनं चौफेर नजर टाकली, एक हात सोडला, गुरुजींकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काका!"

पोरीला स्वतःचाच पराक्रम आवडला असावा. ती वळली, टेबलाकडे बोट केलं आणि ओरडली, "यछो!"

मृण्मयी आधी हसली, मग श्यामलाबाई, आणि कमळाबाईंनी तर पदरच तोंडात कोंबला. दोन्ही उमेदवार एकमेकांकडे बघत राहिले. दोघांचीही अनामत जप्त झाली होती.

"यशो?" यशोधन म्हणाला. "मी बाप आहे तिचा!"

"मग? आम्ही सगळे यशोच म्हणतो तुला," मृण्मयी म्हणाली. "आणि तू काकांना काका म्हणतोस, मीही म्हणते. तिनं बरोब्बर उचललंय. हुशार आहे माझी बाय."

"पण मी रोज शिकवतोय तिला! बाबा, बाबा, बाबा!"

"तुम्ही एकटेच नाय," कमळाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की एखादी यजमानीण दक्षिणा न ठेवता उठली असती. कमळाबाई बसूनच राहिल्या. "गुरुजी पण शिकवतात दुपारचं. छातीला बोट लावून."

"स्वतःच्या?" यशोधननं विचारलं.

"मग काय माझ्या?"

पुन्हा हशा झाला. गुरुजींनी पंख्याकडे पाहिलं. घरातला पंखा खरखरतही नव्हता, त्यामुळे फार वेळ बघता येईना. "उच्चाराचा सराव घेत होतो," ते म्हणाले. "ओष्ठ्य वर्ण आधी पक्के झालेले बरे."

श्यामलाबाईंनी त्यांना त्या ओष्ठ्य वर्णावर सोडून दिलं. शिक्षिकेच्या थाटात त्या म्हणाल्या, "हे बघा, शब्द बोटानं चिकटत नाही. हाक मारली आणि कोणी 'ओ' दिली की चिकटतो. या घरात 'काका' म्हटलं की एक माणूस वळतो. 'यशो' म्हटलं की दुसरा वळतो. 'बाबा' म्हटल्यावर वळणारं इथं कोण आहे? तेव्हा यशोला बाबा व्हायचं असेल तर कोणीतरी त्याला बाबा म्हणून हाक मारायला हवी. तिच्या देखत. रोज."

"मी नवऱ्याला बाबा म्हणणार नाही," मृण्मयीनं जाहीर केलं. "मला माझे बाबा आहेत, इगतपुरीला. एक पुरे."

"आई, तू म्हण," यशोधन म्हणाला.

"मी वाचनालयात असते. आणि ती नक्कल माझी करते का? खाली बसताना 'हरी हरी' कोण म्हणतं? खोकते कोणासारखी?"

गौतमीनं त्याच क्षणी गुरुजींसारखं खाकरून दाखवलं.

"गुरुजी बोलल तेच ती बोलल," कमळाबाईंनी शिक्का मारला.

सगळ्या नजरा गुरुजींवर खिळल्या. आता आली का पंचाईत! ज्या शब्दासाठी महिनाभर चोरून शिकवणी घेतली, तो आपल्याच तोंडानं दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचा. दिवसातून वीस वेळा. आणि एकदा का यशोधन 'बाबा' झाला, की ही जागा भरली, कायमची. एका जन्मात ती एकदा भावानं घेतली, आता मुलगा घेणार. मधल्या माणसानं नुसतं 'ओ' द्यायचं, तेही 'काका'ला.

"बघू," गुरुजी म्हणाले आणि पंचांग उघडलं.

तासभर ते त्याच पानावर होते. यशोधन टेबलाशी वहीची पानं उलटत होता. पान उलटायचं, मोबाइल धरायचा, खटकन फोटो, पुन्हा पान. त्या खटखटीची एक लय लागली होती. मधेच ती थांबली. गुरुजींनी मान न वळवता डोळे वळवले. एकोणीस नंबरची वही. शेवटाकडचं पान.

ते पान त्यांना पाठ होतं. 'यशोधन, वय तीन. वडिलांना: काका. थोरल्या काकांना: बाबा. दुरुस्ती वेळेत केली नाही. हयगय माझी.' खाली तिथी आणि सही.

यशोधनच्या हातातल्या मोबाइलचा पडदा काळा झाला. मग त्यानं विचारलं, "काका, ही मागची पानं पण घ्यायची का?"

"नको," गुरुजी म्हणाले. "म्हणजे घे. तशी काही गरज नाही. पण घे. क्रम चुकायला नको."

खटकन फोटो निघाला. यशोधननं पुढचं पान उलटलं आणि गुरुजींनी पुन्हा पंचांगात पाहिलं. घरातली रीत एवढी तरी टिकून होती.

समोर गौतमी आपल्या बापाच्या पायाशी गेली होती. त्याची विजार ओढून "यछो, यछो" करत होती आणि यशोधन तिला उचलून घेत होता. सगळ्यांसमोर. स्वतःच्या वडिलांसमोर. मांडीवर घेऊन तिचं नाक पुसत होता. गुरुजींनी पाहिलं. पंचांग मिटलं.

चार वाजता चहा आला. गुरुजींनी कप हातात घेतला, घसा साफ केला, एकदा देवघराकडे बघितलं आणि म्हणाले, "बाबा, चहा घे."

यशोधन दचकून वळला. गौतमीनं आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग कोण वळलं ते पाहिलं. तिच्या डोळ्यांत हिशेब लागताना स्पष्ट दिसला.

"झकास," श्यामलाबाई बशीत चहा ओतत पुटपुटल्या.

त्यानंतर गुरुजींनी हयगय केली नाही. कामाला लागले की ते पूर्ण करणारे. "बाबा, दार लाव." "बाबा, पेपर दे." "बाबा, आज डब्यात काय आहे रे?" पहिले दोन दिवस प्रत्येक हाकेला छातीत बारीक कळ यायची. तिसऱ्या दिवशी ती यायची विसरली. चौथ्या दिवशी तर ते बैठकीवर एका यजमानालाही "बाबा, सही कर" म्हणून मोकळे झाले आणि तो निफाडचा पाटील दोन वर्षांनी त्यांच्यापेक्षा थोरला होता.

गुरुवारी संध्याकाळी यशोधन दारात आला आणि गौतमी कमळाबाईंच्या कडेवरून झेपावली. "बाबा!"

यशोधननं डबा तसाच खाली टाकला. मृण्मयीनं व्हिडिओ काढायला मोबाइल घेतला तोवर सगळं संपलं होतं, म्हणून पुन्हा एकदा दाराबाहेर जाऊन यायला लावलं. पोरगी पुन्हा म्हणाली. सगळ्यांत जोरात टाळ्या गुरुजींनी वाजवल्या, पडलेला उमेदवार विजयी मिरवणुकीत वाजवतो तशा. मग ते आत गेले, बत्तीस नंबरच्या कोऱ्या वहीचं मागचं पान उघडलं आणि पहिली नोंद केली. 'गौतमी, महिने पंधरा. वडिलांना: बाबा. आजोबांना: काका. दुरुस्ती वेळेत.' पेनाला टोपण लावलं. 'काका'कडे बघून त्यांना वाटलं, चला, जेवायला बोलावतात ना.

शुक्रवारी सकाळी यशोधन कामावर निघाला होता. एक बूट पायात, एक हातात. गौतमी कमळाबाईंच्या कडेवर बसून त्याला टाटा करत होती. गुरुजी पाटावर बसून गंध उगाळत होते. आता खरं तर 'यशो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण जिभेला वळण पडलं होतं.

"बाबा, येताना माझा चष्मा घेऊन ये. दांडी बसवायला दिलाय, आपल्या मालेगाव स्टँडपाशी."

"आणतो, बाबा," यशोधन म्हणाला.

सहाणेवरचं खोड थांबलं. कमळाबाईंनी मान वळवली. आत पोळीचा डबा लावणाऱ्या श्यामलाबाईंच्या हातातलं झाकण वाजायचं थांबलं.

यशोधन खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. एवढा वेळ लागावा अशी ती नाडी नव्हती. त्याचे कान लाल झाले होते.

"काय म्हणालास?" गुरुजींनी विचारलं.

"आणतो म्हणालो."

"त्याच्या पुढं."

"पुढं काही नाही. चष्मा आणतो."

गुरुजींनी खोड सहाणेवरून उचलून बाजूला ठेवलं. "पोरीला नीट ऐकू गेलं नाही बहुतेक. तिच्या कानावर शब्द स्वच्छ पडायला हवा, तुझ्या आईनं सांगितलंय. पुन्हा म्हण."

"तिला सगळं ऐकू जातं, काका."

"मग मला गेलं नाही," गुरुजी म्हणाले आणि उजवा कान पुढे केला.

यशोधन उभा राहिला. एकदा आईकडे बघितलं, एकदा छताकडे. मग वरच्या मजल्यावरच्यांनाही कळावं अशा आवाजात म्हणाला, "आणतो, बाबा!"

गौतमीला हे अजिबात पटलं नाही. बाबा कोण हे तिला काल संध्याकाळीच नीट कळलं होतं, आणि त्याबद्दल टाळ्याही पडल्या होत्या. तिनं कडेवरूनच बोट रोखलं, आपल्या बापाची चूक सुधारत गुरुजींकडे बघून ओरडली, "काका! काका!"

"तू थांब गं जरा," गुरुजी म्हणाले. "मोठी माणसं बोलतायत."